साडेपाच दाण्यांचा लोड

एम.ई.ची दीड वर्षं मी जी वस्तू बनवत होते, तिच्याकडून अपेक्षा एकच होती: काही होऊ द्यायचं नाही.

बोटाएवढ्या लांबीची ती पितळेची चौकोनी नळी होती. आतलं भोक पावणेचार मिलिमीटर रुंद आणि दोनला जरा कमी उंच. फार वरच्या वारंवारतेच्या लहरी तारेतून नीट जात नाहीत, त्यांना अशा नळ्यांतून न्यावं लागतं. नळीच्या शेवटाला काही नसलं किंवा चुकीचं काही असलं, तर लहर तिथे आपटून मागे फिरते आणि सगळ्या मोजमापाचा विचका करते. म्हणून शेवटी एक असा तुकडा बसवतात की आलेली लहर त्याने गिळावी आणि परत काही पाठवू नये. त्याला मॅच्ड लोड म्हणतात. आम्ही नुसतं लोड म्हणायचो.

हे मी घरी एकदाच समजावून सांगितलं. बाबा पूर्वी गिरणीत होते, ती बंद पडल्यावर विक्रोळीच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले होते. त्यांनी जेवता जेवता सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मोरीचा भोक," ते म्हणाले. "पाणी तुंबता नये, मागे येता नये. एवढाच ना?"

"हो. साधारण तसंच."

"मग त्याका एम.ई. कशाक?"

तेव्हापासून मी स्वतःलाही अधूनमधून हे विचारत असे.

आमच्या घाटकोपरच्या खोलीत दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. त्यामुळे आपण जे शिकतोय ते बरोबर शिकतोय का, हे विचारायला घरात कोणी नव्हतं आणि कॉलेजात विचारायचा धीर नव्हता. कॉलेज अंधेरीच्या बाजूला होतं. नाव लिहीत नाही, कारण चूक माझी होती.

माझे गाइड सर भले माणूस होते आणि काळाच्या वीस वर्षं पुढे राहायचे. बाकीचे लोक तीन सेंटिमीटरच्या लहरींवर समाधानी होते, सरांना मिलिमीटरच्याही आत जायचं होतं. टेराहर्ट्झ हा शब्द आमच्या कॉलेजात फक्त त्यांच्या तोंडी ऐकू यायचा, आणि तो उच्चारताना ते खिडकीबाहेर बघायचे. बाहेर सायकल स्टँड होता. त्यांची योजना अशी की आपल्याकडे उसना आणलेला पाच मिलिमीटर लहरीचा स्रोत आहे, त्यावर लोडचं डिझाइन सिद्ध करायचं आणि मग सगळी मापं दहापट लहान करत टेराहर्ट्झकडे जायचं.

"तू पहिली पायरी," ते मला म्हणाले. "पहिली पायरी भक्कम पाहिजे."

पायरी भक्कम होत नव्हती. नळीच्या आत काळी पाचर बसवायची असते. राळेत ग्रॅफाइटची पूड कालवून ठोकळा ओतायचा, मग तो घासत घासत एका बाजूने निमुळता करायचा. लहरीला पाचरेचं बारीक टोक आधी भेटतं आणि ती हळूहळू जाड भागात शिरून संपते. संपायला हवी. माझ्या पाचरी भिंगाखाली सुबक दिसायच्या. नखं घासायच्या कानशीने मी त्या घरी, खिडकीत बसून घासायचे. पण मापायला गेलं की परत फिरणाऱ्या लहरीचा आकडा १.४ यायचा. आदर्श आकडा एक, म्हणजे काहीच परत आलं नाही. सरांनी ठरवलेली मर्यादा १.१. मी ग्रॅफाइट वाढवलं, आणखी वाढवलं. पाचर कोळशासारखी काळी झाली आणि आकडा १.४५ वर गेला.

त्यातच मुलुंडच्या एका कंपनीने मला नोकरी देऊ केली होती. मापन विभागात इंजिनिअरची जागा, फक्त अट अशी की जानेवारीत पदवीचं पत्र हातात हवं. आमच्या घरात आजवर कोणाला खुर्चीवर बसून करायची नोकरी मिळाली नव्हती. आईने अजून न मिळालेल्या त्या खुर्चीबद्दल चाळीत दोन मजल्यांवर सांगून ठेवलं होतं. व्हायवा डिसेंबरात होती आणि ऑक्टोबर उजाडला तरी माझ्याकडे १.४ शिवाय काही नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी नळी घरी आणली, सुट्टीत पाचर आणखी घासावी म्हणून. नळीत धूळ जाऊ नये यासाठी तोंडावर चिकटपट्टी लावलेली असायची. दसऱ्याच्या सकाळी आईने पाटावर रांगोळीची सरस्वती काढली, माझी पुस्तकं मांडली, बाबांचा जुना पाना मांडला आणि नळीही उचलली.

"ती नको गं," मी म्हणाले.

"गो, पुस्तकां वाचतस तीपण पूजतंय आणि हत्यार नको? ह्याच तुजा हत्यार मां?"

मी वाद घातला नाही. आपट्याची पानं घेऊन शेजारी सोनं द्यायला गेले. परत आले तेव्हा नळी पाटावर उभी होती, अंगाला हळद-कुंकू, बाजूला झेंडू, तोंडावर चिकटपट्टी जशीच्या तशी. संध्याकाळी मी ती ओल्या फडक्याने बाहेरून लख्ख पुसली. पाचर घासायची राहूनच गेली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत चिकटपट्टी काढून मी नळी जोडली. मापायच्या नळीला वरून एक लांब खाच असते, तिच्यातून सुई सरकवत न्यायची आणि मीटरचा काटा किती वरखाली होतो ते बघायचं. परत येणारी लहर जितकी मोठी, तितका काटा जास्त नाचतो. त्या दिवशी काटा जवळजवळ हललाच नाही. मला वाटलं, स्रोत बंद आहे. तो चालू होता. आकडा होता १.०७.

मी सरांना बोलावलं. त्यांनी स्वतः सुई सरकवली, मग पुन्हा, मग जॅकेट काढून पुन्हा.

"काय बदललंस?"

"काहीच नाही, सर. परवा होती तीच पाचर."

"असं कसं? काहीतरी केलं असशील."

"दसऱ्याची सुट्टी होती, सर."

सरांनी मान डोलावली. राळ मुरायला वेळ लागतो, हे त्यांचं निदान. दोन दिवस तशीच ठेवल्यामुळे ती आतून नीट घट्ट झाली असणार. त्यांनी ते वहीत लिहूनही टाकलं आणि त्याच आठवड्यात बाहेरच्या परीक्षकांना पत्र गेलं की डिझाइन सिद्ध झालं. मला शंका आली होती का? आली होती. पण शंका घ्यायला आपल्याला काहीतरी कळत असावं लागतं, असा माझा तेव्हाचा समज होता. आणि सरांना माझ्याहून जास्त कळत होतं.

दिवाळीनंतर आकडा १.०९ झाला. सर म्हणाले, हवा बदललीय. नोव्हेंबरच्या मध्यात १.१२ झाला. सर म्हणाले, जोडाचे स्क्रू सैल पडले असतील. मग त्यांनी मला अगदी तसाच दुसरा लोड बनवायला सांगितला, प्रबंधात एकाऐवजी दोन असले की वजन पडतं म्हणून. मी तेच मिश्रण केलं, तोच कोन दिला आणि राळ चांगली चार दिवस मुरू दिली. आकडा १.४१. तिसरा केला. १.३९.

शेवटी मी पहिली नळी उघडायचं ठरवलं. मागची चकती काढून पाचर बाहेर ओढली, ती ठीक होती. मग नळी पांढऱ्या कागदावर उलटी करून हलकेच ठोकली.

कागदावर तांदूळ पडला. पाच दाणे आणि एक अर्धा. कुंकवाने लाल झालेले, एका बाजूला हळदीचा पिवळा डाग.

मी प्रयोगशाळेचं दार आतून लावलं. कोणाला कळेल याची भीती नव्हती, एकटीनेच नीट मोजायचं होतं म्हणून लावलं. पाचर परत बसवली, तांदळाशिवाय मापलं: १.४०. मग चिमट्याने एकेक दाणा तोंडातून आत सोडला आणि मापलं: १.१३. पुन्हा काढले, पुन्हा घातले. दीड वर्षाच्या कामात माझं एवढं स्वच्छ मोजमाप तोपर्यंत झालं नव्हतं.

घरी आल्यावर आईला सहज विचारावं तसं विचारलं, "दसऱ्याला माझ्या नळीची पट्टी काढलेलीस?"

"काढलंय. तोंड बांधून देवाफुडे कोण ठेवता गो? अक्षता घातलंय आणि परत लावलंय. कशाक?"

"काही नाही. नीट लावली होतीस."

"मगे," आई म्हणाली.

सकाळी मी सरांपुढे कागदाची पुडी ठेवली आणि सांगितलं. त्यांनी बोटाने दाणे एका ओळीत लावले. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. तो आला असता तर सोपं गेलं असतं.

"कच्चा आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो सर. अक्षता आहेत."

"ओल्या असतील त्या दिवशी. म्हणून १.०७. मग वाळत गेल्या." ते स्वतःशीच बोलत होते. मग त्यांनी पेन काढलं. "हे बघ, वीस दिवस राहिलेत. तुझी मुलुंडची जागा आहे. नवीन काही होणार नाही. आपण खोटं काही लिहायचं नाही. फक्त नीट लिहायचं."

त्यांनी इंग्रजीत जे लिहून दिलं, त्याचा अर्थ असा होता: पाचरेच्या पुढच्या भागात वनस्पतिजन्य मूळ असलेलं, दाणेदार, अल्प आर्द्रतेचं शोषक माध्यम योजलं आहे. वाक्यात खोटा शब्द एकही नव्हता. मी तीनदा वाचून पाहिलं.

"सर, पण ‘योजलं आहे’ म्हणजे आपण ते योजलं असं होतं."

"कोणीतरी योजलंच ना?"

आईने योजलं होतं, हे खरं. मी कागद घेतला आणि त्याच संध्याकाळी टायपिस्टकडे दिला. प्रामाणिकपणाबद्दल मी पुढे जे काही बोलणार आहे, त्याआधी हे सांगायला हवं की मी तो कागद दिला, आणि टायपिस्टला ‘आर्द्रता’चं इंग्रजी स्पेलिंगही तपासायला सांगितलं.

व्हायवाच्या दिवशी बाबांनी रजा घेतली. मी नको म्हणाले तरी ते आले. इस्त्रीचा शर्ट घालून, हातात पेढ्यांचा खोका घेऊन ते प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बसले. "आत येत नाय," ते म्हणाले. "तू बाहेर येशील तेव्हा पयला पेढो तुज्या सरांका."

बाहेरचे परीक्षक पांढऱ्या केसांचे, सावकाश बोलणारे होते. व्हायवा इंग्रजीत सुरू झाली. प्रस्तावना झाली, गणित झालं, टेराहर्ट्झही झालं. मग त्यांनी प्रबंधातल्या एका पानावर बोट ठेवलं आणि थांबले.

"हे माध्यम. वनस्पतिजन्य. म्हणजे लाकूड?"

"नाही सर."

"मग? कॉर्क? भुसा?"

मी सरांकडे पाहिलं. सर सायकल स्टँडकडे बघत होते. माझ्याकडे अजूनही एक उत्तर तयार होतं: स्टार्चयुक्त पदार्थ. तेही खोटं नव्हतं. ते ओठांवर आलं आणि तिथेच अडकलं, कारण मला एकदम कळलं की त्यानंतर ते विचारतील ‘कुठला’, मग मी आणखी एक शब्द शोधीन, आणि हे मला जानेवारीपर्यंत, कदाचित मुलुंडच्या त्या खुर्चीवर बसूनही करत राहावं लागेल.

"तांदूळ, सर," मी मराठीत म्हणाले.

"काय?"

"तांदूळ. पूजेच्या अक्षता. आईने दसऱ्याला नळीची पूजा केली, त्या आत पडल्या. मला माहीत नव्हतं. १.०७ हा आकडा त्यांचा आहे. माझ्या पाचरेचा आकडा १.४ आहे."

परीक्षकांनी चष्मा काढला आणि तेही मराठीवर आले.

"किती दाणे?"

"साडेपाच, सर."

"अर्धा कसा?"

"तुटका होता. तुटक्या अक्षता वापरायच्या नसतात, पण आईच्या नजरेतून सुटला असेल."

"आणि टेराहर्ट्झला भोक दहापट लहान होणार," ते सरांकडे वळून म्हणाले. "तेव्हा काय घालायचं ठरवलंय, खसखस?"

सर हसले नाहीत. मला त्यांची फार दया आली, आणि आपल्याला गाइडची दया येते आहे याची लाज वाटली. ते खाली बघून म्हणाले, "वाक्य माझं आहे. तिचं नाही." हे त्यांनी म्हणायची गरज नव्हती. म्हणाले, ते मी विसरले नाही.

परीक्षकांनी मला बाहेर पाठवलं नाही. माझ्यासमोरच निकाल सांगितला. "नापास करत नाही. पण हा प्रबंध या रूपात घेता येणार नाही. सहा महिने घे. ज्याचा आकार आणि पुरवठा आपल्या हातात आहे असं काहीतरी बनव. आणि आधी एवढं शोध की तांदूळ का चालला. हसू नकोस, तुझ्या पाचरेपेक्षा तो चांगला लोड आहे."

मी हसत नव्हते. माझा चेहरा नक्की कसा दिसत होता कोण जाणे.

बाहेर आले तर बाबा उभे राहिले, खोका उघडून तयार.

"झाला?"

"सहा महिने पुढे गेलं, बाबा. नापास नाही. पण पासही नाही."

"कशाक?"

मी सगळं सांगितलं, तांदळासकट. बाबांनी खोक्याचं झाकण अर्धवट लावलं, मग परत उघडलं. तेवढ्यात सर आणि परीक्षक बाहेर आले. बाबांनी खोका पुढे केला.

परीक्षक गोंधळले. "पेढे? हिने तुम्हाला सांगितलं नाही का?"

"सांगितला. पण आणलेत तर खावा, साहेब. परत घरी नेले तर चाळीत काय सांगू?"

परीक्षकांनी एक घेतला. सरांनी दोन घेतले. त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नसावं.

घरी जायच्या बसमध्ये बाबांनी असल्फाचा स्टॉप येईपर्यंत उरलेले पेढे दोनदा मोजले. मग म्हणाले, "बाय, आवशीक सांगू नको हां."

"हो, वाईट वाटेल आईला."

"वाईट कसला! चाळभर सांगत सुटात, पोरीचा यंत्र माज्या अक्षतांनी चालला. पुढच्या दसऱ्याक सगळे आपले रेडिओ, मिक्सर घेऊन दारात."

आईला आम्ही एवढंच सांगितलं की परीक्षकांना आणखी बघायचं आहे. तिने भात वाढता वाढता विचार केला.

"बघूंदेत," ती म्हणाली. "चांगला दिसला आसतला म्हणानच परत बघतत."

तांदूळ का चालला ते मला मार्चमध्ये कळलं. मी आकडा वाईट आला की ग्रॅफाइट वाढवत होते, आणि चूक तिथेच होती. फार गिळणारा पदार्थ लहरीला दारातूनच परत पाठवतो. तांदूळ फारसा गिळत नाही. एक दाणा थोडं घेतो, पुढचा थोडं घेतो, आणि दोन्ही टोकांना तो आपसूकच निमुळता असतो. मी पाचर तिप्पट लांब केली आणि ग्रॅफाइट जवळजवळ काढूनच टाकलं. ती राखाडी, ओंगळ दिसायची. आकडा आला १.०५ आणि पावसाळ्यातही तेवढाच राहिला. जूनमध्ये पदवी मिळाली. प्रबंधाच्या परिशिष्टात तांदळाचं एक पान आहे, आणि तिथे त्याला तांदूळच म्हटलं आहे.

पण मुलुंडची जागा जूनपर्यंत थांबणार नव्हती. व्हायवाच्या दुसऱ्याच दिवशी मी तिथे गेले. पत्राने कळवता आलं असतं, पण पत्रात मी पुन्हा एखादं वाक्य नीट लिहिलं असतं. कर्मचारी विभागातले गृहस्थ सभ्य होते. त्यांनी छापील फॉर्म काढला. पदवी वेळेत पूर्ण न होण्याचं कारण, असा त्यात रकाना होता.

मी कारण सांगितलं. दसरा, पाट, चिकटपट्टी, साडेपाच दाणे. त्यांनी पेन वर धरून सगळं ऐकलं, मधे एकदाही टोकलं नाही. मग रकान्याची रुंदी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि तिथे ‘घरगुती अडचण’ असं लिहिलं.

"चालेल ना?" त्यांनी विचारलं.

मी ते दोन शब्द तीनदा वाचून पाहिले आणि सही केली.